एक माणूस खाली

गाडीला जादा दिवे बसवून घ्यायला येणारी बहुतेक गिऱ्हाइकं हौशी असतात. त्यांना उजेड नको असतो, दिवे हवे असतात. बंपरवर मोठाले गोल दिवे, टपावर दिव्यांची पट्टी, बाजूला चकचकीत नळ्या, आणि एवढं सगळं करून गाडी जाणार कुठे, तर घरापासून ऑफिसपर्यंत. मी त्यांना काही बोलत नाही. त्यांच्याच जिवावर माझं दुकान चालतं. ताई मात्र गल्ल्यावर बसल्या बसल्या पुटपुटते, "एवढे दिवे लावून शोधायचंय तरी काय यांना?"

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. दुकानाचा पुढचा भाग तिच्या ताब्यात: सीट कव्हरं, हॉर्न, मॅट, गाडी पुसायची फडकी. मागची शेड माझी. लांबट, पत्र्याच्या छपराची, बिनखिडकीची. एका टोकाला शटर आणि दुसऱ्या टोकाला पांढरी भिंत. त्या भिंतीवर मी काही टांगू देत नाही की तिला काही टेकवू देत नाही. दिवे बसवणं हे अर्धंच काम असतं. त्यांचा उजेड नेमका कुठे पडतो ते लावून देणं हे उरलेलं अर्धं. गाडी फरशीवरच्या पिवळ्या रेघेला चाकं लावून उभी करायची आणि शटर ओढायचं, की भर दुपारीसुद्धा आत काळोख होतो. भिंतीवर काळ्या चिकटपट्टीची आडवी रेघ आहे. उजेडाचा वरचा काठ तिला जेमतेम टेकला पाहिजे. वर गेला तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, खाली राहिला तर आपल्यालाच दिसत नाही. दिव्याच्या मागे एक स्क्रू असतो, तो फिरवून हे जमवायचं. इतकी वर्षं मी हेच करतोय. डोळ्यांना सवय झाली आहे. भिंतीवर काय पडलंय ते मला कुणी सांगावं लागत नाही.

माझी मुलगी जनावरांची डॉक्टर आहे. एकुलती एक. तिची नेमणूक पठारावर झाली तेव्हा तिच्या आईने बरेच दिवस तोंड पाडलं होतं. घाट चढून गेलं की ते पठार लागतं. वर गवत, मेंढ्या, पवनचक्क्या, आणि वर्षातले निम्मे महिने धुकं. वस्त्या लांब लांब. कुठे गाय अडली, कुठे मेंढ्यांना रोग आला, की हिला जावं लागतं. नोकरी लागल्यावर तिने जीप घेतली. कोरी, शोरूममधून. हे मुद्दाम सांगतो, कारण जीप जुनी असती तर मी सगळा दोष आधीच्या मालकावर ढकलून मोकळा झालो असतो.

थंडी सुरू होताना ती जीप घेऊन दुकानात आली.

"बाबा, हेडलाइट पुरत नाहीत. धुक्यात समोर मधोमध एक काळपट पट्टा राहतो. तेवढ्यात रस्ताच दिसत नाही."

"धुक्यात तसंच होणार," मी म्हणालो. "उजेड धुक्यावर आपटून परत येतो. खाली दोन दिवे बसवू, फरक पडेल."

"घरचं गिऱ्हाईक आलं की याला पाना कसा पटकन सापडतो," ताई पुढून म्हणाली.

दुपारभर आम्ही दोघं त्या कामात होतो. बंपरच्या वर लोखंडी पट्टी ठोकली, तिच्यावर दोन गोल दिवे. बॅटरीपासून जाड वायर, मध्ये फ्यूज, आत बटण. इंजिनाच्या मागच्या पत्र्यातून वायर आत ओढायचं काम तिने केलं, कारण तिचे हात बारीक. लहानपणी ती याच शेडमध्ये टायरात बसून अभ्यास करायची. अजूनही काम करताना जीभ दातांत धरते.

सगळं झाल्यावर मी शटर ओढलं. ती स्टिअरिंगवर बसली आणि तिने बटण दाबलं.

उजेड चांगला पडला होता. दोन्ही गोल सारखे, काठ स्वच्छ. फक्त जिथे ते एकमेकांत मिसळतात तिथे, जमिनीपासून वर चढलेला एक करडा डाग होता. मला वाटलं, भिंतीला ओल आली. मी जाऊन हात फिरवला. भिंत कोरडी ठणठणीत होती. डाग माझ्या हाताच्या पाठीवर पडला होता.

हे मी तेव्हा पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं. माणूस कामाच्या घाईत अशा पुष्कळ गोष्टी सोडून देतो. दिव्यांच्या काचा पुसल्या, उजेड रेघेला लावून दिला, ती आईला भेटून पठारावर गेली. दुसऱ्या दिवशी मी भिंतीला चुन्याचा हात मारला. नंतर आलेल्या गाड्यांचा उजेड त्या भिंतीवर अगदी स्वच्छ पडत होता.

काही आठवड्यांनी ती परत आली. दिवे झकास आहेत म्हणाली. "पण तो पट्टा आहेच. उलट आता जास्त ठळक दिसतो."

मी गाडी रेघेवर घेतली, शटर ओढलं, तिला बटण दाबायला सांगितलं.

भिंतीवर दोन सावल्या होत्या.

शेजारी शेजारी, एकसारख्या, माणसापेक्षा जरा उंच. खाली निमुळत्या, वर खांद्यांसारखा उतार आणि त्यावर गोलसर काहीतरी. धूसर नव्हत्या, कडा चांगल्या रेखीव होत्या. मी दिव्यांसमोर गेलो. काचांवर काही चिकटलेलं नव्हतं. दिवे आणि भिंत यांच्यामध्ये रिकामी फरशी होती, त्यावर जुना तेलाचा ओघळ, बस.

"बंद कर," मी म्हणालो. तिने बंद केलं. "लाव." लावलं. सावल्या होत्या तिथेच.

मग मी मला जमेल ते सगळं केलं. बल्ब बदलले. दिवे उतरवून कपाटातले दुसरे लावले. बॅटरी बदलली. उतरवलेले दिवे माझ्या व्हॅनला जोडले, जीप बाहेर काढून व्हॅन रेघेवर आणली, स्वतः आत बसून लावून पाहिले. भिंत कोरी. व्हॅन बाहेर काढली, जीप आत घेतली, मुलगी आत बसली. दोन सावल्या.

ती खाली उतरून माझ्या शेजारी उभी राहिली. बराच वेळ भिंतीकडे बघत होती. एखादं जनावर का खात नाही ते बघताना ती अशीच बघते.

"बाबा, दिव्यात काही नाही," ती म्हणाली. "मध्ये काहीतरी आहे."

"मध्ये काय आहे? तूच बघ की."

"बघतेय. दिसत नाही. पण उजेड अडतोय ना?" तिने कोपऱ्यातली सुतळी उचलली. "प्रत्येक दिव्यापासून त्याच्या त्याच्या सावलीपर्यंत एकेक सुतळी ताणू. दोन्ही जिथे एकमेकींना छेदतील, तिथे ते असणार."

हे अगदी सरळ होतं, मलाच सुचायला हवं होतं. आम्ही सुतळ्या ताणल्या. एकेक टोक दिव्याला बांधलं, दुसरी टोकं मी दोन खिळ्यांनी भिंतीत अडकवली. माझ्या भिंतीत मी पहिल्यांदाच खिळे ठोकले. सुतळ्या शेडच्या मधोमध, गाडीपेक्षा भिंतीला जवळ अशा एका जागी एकमेकींवरून गेल्या. त्या जागी खाली फरशी होती आणि वर हवा.

तेवढ्यात ताई चहा घेऊन आत आली. "हे काय, कपडे वाळत घालायचेत का?" म्हणत ती सरळ चालत आली, सुतळ्यांपाशी थांबली, आणि तिची सावली त्या दोन सावल्यांत बरोबर बसली. इतकी बरोबर, की क्षणभर भिंतीवर फक्त ताईच होती. चहाचा कप, कोपर, केसांची गाठ, सगळं.

मग ताई बाजूला झाली. तिची सावली तिच्याबरोबर गेली. त्या दोन तिथेच राहिल्या.

ताईने भिंतीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. कप खाली ठेवला. दुकानात परत जाताना ती मधून गेली नाही. भिंतीच्या कडेकडेने, डब्यांवरून पाय टाकत, लांबून गेली.

चहा निवला. मी मुलीला विचारलं, "तुला हे कधीपासून दिसतंय?"

"आठवत नाही नक्की. आधी वाटायचं, पुढे कुणीतरी चाललंय. बरंच लांब, वळणाच्या जवळ. गाडी तिथे पोचली की ते पुढच्या वळणाला असायचं."

"आणि आता?"

तिने खांदे उडवले. "आता वळणाला नसतं."

मी तिला म्हणालो, काही दिवस रजा घे. ती म्हणाली, मेंढ्यांना लस टोचायची आहे, सगळ्या वस्त्या बाकी आहेत. मी म्हणालो, एकटी फिरू नकोस. ती हसली. "एकटी कुठे आहे मी?" म्हणाली, आणि मग तिचं तिलाच ते बोलणं आवडलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

तिच्या आईला आम्ही काही सांगितलं नाही.

माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे मला सांगायला हवं. विश्वास नाही असं म्हणायची संधीही कधी आली नव्हती. त्या रात्री मी जेवून पडलो तेव्हा मनात दुसरं काही नव्हतं, एवढंच होतं की सावली पुसायची कशी. सावली पुसायला एकच उपाय मला येतो, तो म्हणजे आणखी उजेड. समोरून पडते ना, मग वरून मारू. टपावर चार दिवे बसवू, चारही कोनांतून. शस्त्रक्रियेच्या खोलीत असाच उजेड असतो, डॉक्टरच्या हाताची सावली पडत नाही.

तिला फोन करून बोलावून घेतलं. या खेपेला काम करताना ती जीभ दातांत धरत नव्हती. टपाच्या पन्हळीला पट्ट्या आवळल्या, दिवे लावले, वायर काचेच्या कडेने खाली उतरवली. ताई दुकानातच थांबली. तिने काहीतरी कारण सांगितलं.

शटर ओढून मी मुलीला म्हणालो, "आधी खालचे लाव."

खालचे लागले. भिंतीवरच्या सावल्या आता भिंतीवर मावत नव्हत्या. छपरापर्यंत गेल्या होत्या, आणि एकमेकींपासून दूर, दोन्ही कोपऱ्यांत. मधला सगळा भाग लख्ख. लहान मुलंही दिव्यासमोर हात धरून हा खेळ खेळतात. हात भिंतीजवळ असला की सावली हाताएवढी, दिव्याजवळ आणला की घराएवढी. आम्ही या वेळी सुतळी काढली नाही.

"आता वरचे."

टपावरचे चार दिवे लागले. शेडमध्ये दुपार झाली. भिंतीवरच्या सावल्या फिक्या पडल्या, जवळजवळ गेल्याच. मला हायसं वाटलं, ते फार तर एक श्वासभर. कारण वरून उजेड आला की सावली जमिनीवर पडते. ती फरशीवर होती. चार दिव्यांच्या चार, पंख्याच्या पात्यांसारख्या पसरलेल्या, भिंतीकडे लांबत गेलेल्या.

सावली पायांपासून सुरू होते. मी भिंतीकडून मागे मागे येत एकेकीचा माग काढला. चारही सावल्या जिथे एकत्र येत होत्या ती जागा जीपच्या नंबरप्लेटला लागून होती. तिथे पाय ठेवायला जेमतेम जागा होती.

मी वाकून बघत होतो. मुलगी आत, स्टिअरिंगवर. आमच्या दोघांच्या मध्ये समोरची काच होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली. "जरा मागे हो."

मी मागे झालो. का मागे हो म्हणाली ते विचारलं नाही.

तिने इंजिन चालू केलं, शटर मीच उघडलं. उलटी गाडी काढत ती उन्हात गेली. उन्हात काही नव्हतं. जीपची सावली जीपएवढी होती. खरं तर मी ती गाडी तेव्हाच ठेवून घ्यायला हवी होती. पण बाहेर रस्त्यावर शाळा सुटली होती, फळवाला ओरडत होता, समोरच्या छापखान्यात मशीन धडधडत होतं, आणि अशा उजेडात बापाने पोरीला काय सांगावं.

त्यानंतर ती बरेच दिवस आली नाही. रोज फोन करायची. मी विचारायचो, "दिवे कसे आहेत?" ती म्हणायची, "ठीक आहेत." आईला वाटायचं, या बापलेकींना दिव्यांशिवाय विषय नाही.

मग एक दिवस जेवणाच्या वेळेला ती आली. बऱ्याच दिवसांनी चेहरा मोकळा दिसत होता.

"गेलं, बाबा," ती म्हणाली. "काल संध्याकाळपासून नाही. धुकं होतं तरी सगळा रस्ता स्वच्छ दिसला. तू लाव नि बघ."

मी गाडी रेघेवर घेतली. शटर ओढलं, तिने आधी वरचे लावले, मग खालचे. फरशी स्वच्छ. भिंत स्वच्छ. दोन गोल, मिसळलेले, कुठे डाग नाही की पट्टा नाही. ताई दाराशी येऊन उभी होती. तिने भिंतीकडे बघून एक सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "चला, आता तरी भिंतीतले ते खिळे काढ."

त्या दोघी हसत बाहेर गेल्या. मी भिंतीकडे बघत राहिलो.

उजेड रेघेच्या वर होता.

फार नाही, चार बोटं. दोन्ही गोल सारखेच वर. एक स्क्रू सैल झाला असता तर एकच गोल वर गेला असता. दोन्ही सारखे वर जातात ते गाडीचं नाक वर झालं की, आणि नाक वर होतं ते मागे वजन आलं की. म्हणून दिवे लावताना आम्ही मागच्या सीटवर कुणाला बसू देत नाही.

मागे औषधांची पेटी असेल, असं वाटून मी मागचं दार उघडलं. पेटी नव्हती. स्टेपनी, जॅक, काहीच नव्हतं. ते सगळं तिने खोलीवर काढून ठेवलं होतं, तिनेच नंतर सांगितलं. सीट रिकामी होती. चाकांतली हवा तपासली. बरोबर होती. मग मी मागच्या चाकाच्या कमानीखाली हात घातला. स्प्रिंगच्या पाट्यांमधली जागा दाबली गेली होती. माणूस बसल्यावर दाबली जाते तेवढी.

पुढच्या बाजूने येत येत ते दिव्यांपर्यंत आलं होतं. दिव्यांच्या मागे गेलेल्या वस्तूची सावली पडत नाही.

मी दार लावलं. हळू लावलं.

बाहेर येऊन मुलीला म्हणालो, "मागचा पाटा गेलाय. जीप इथे राहू दे. तू माझी व्हॅन घेऊन जा."

"नवीन गाडीचा पाटा?"

"होतं कधी कधी."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी व्हॅनमधली अवजारं काढायला लागलो, म्हणजे तिच्याकडे बघावं लागू नये. ती जेवून, आईकडून डबा घेऊन, ऊन असतानाच निघाली. व्हॅन वळणाआड जाईपर्यंत मी फुटपाथवर उभा होतो. मला वाटत होतं, मी तिला सोडवलं.

मग मी शटर ओढून जीपशी एकटा राहिलो. भीती वाटत होती, ती लपवण्यात अर्थ नाही. पण काम करताना मला कमी भीती वाटते. पाना घेतला, खिडकीतून हात घालून बटण दाबलं.

उजेड रेघेला टेकला होता.

मी स्क्रूला हातही लावला नव्हता.

मागे जाऊन चाकाच्या कमानीत हात घातला. पाटा मोकळा होता.

मी तिला फोन लावला. लागला नाही. घाटात लागत नाही. पुन्हा लावला. ताई विचारत होती, काय झालं. मी लावत राहिलो. शेवटी संध्याकाळ व्हायच्या सुमाराला तिचाच आला.

"बाबा, दुसऱ्यांच्या गाड्या लावून देतोस आणि स्वतःच्या व्हॅनचे दिवे बघत नाहीस," ती म्हणाली. "किती वर मारतायत. समोरून येणारा प्रत्येक जण डिपर देतोय."

"मागे काय आहे गाडीत?"

"काही नाही. डबा माझ्याजवळ पुढे आहे."

"गाडी बाजूला घे. मी येतो."

"कशाला?"

फोनमध्ये इंजिनाचा आवाज येत होता आणि वायपरचा. मग ती पुन्हा बोलली, पण आवाज एकदम खाली आणून. गाडीत कुणी झोपलं असलं की आपण बोलतो तसा.

"नको येऊस, बाबा. रस्ता स्वच्छ दिसतोय. पोचेन मी."

ती पोचली. मी रात्रीच जीप घेऊन निघालो होतो, पहाटे तिच्या दारात उभा राहिलो. ती चहा करत होती. व्हॅन अंगणात होती, रिकामी, चारही चाकांवर सारखी उभी. आम्ही चहा घेतला.

त्याला आता तीन वर्षं झाली. ती बरी आहे. तिला काही झालं नाही, ना अपघात, ना आजार. वस्त्यांवरचे लोक तिच्यावर खूश आहेत. मध्यंतरी तिने जीप विकली, कारण मीच मागे लागलो, आणि दुसरी गाडी घेतली. ती माझ्याकडे आणली तेव्हा मी दिवे बसवले, गाडी रेघेवर घेतली, तिला आत बसवून बटण दाबायला लावलं. नव्या गाडीचे दिवे चार बोटं वर होते. मी स्क्रू फिरवला. आमच्या कामात कुणी विचारलं असतं, किती खाली घेतलेस, तर मी सांगितलं असतं, एक माणूस खाली. दर सहा महिन्यांनी ती येते, मी तपासतो. दिवे बरोबर असतात. समोरून आता कुणी डिपर देत नाही, असं ती म्हणते.

गेल्या महिन्यात ताईला तिच्याकडे चार दिवस राहायला जायचं होतं. ताईला पुढे बसलं की मळमळतं. तिने बॅग उचलली आणि मागच्या दाराच्या कडीला हात घातला.

"आत्या, पुढे ये," मुलगी आतून म्हणाली.

"मागे बरी असते गं मी. सगळी सीट तर मोकळी आहे."

"पुढे ये."

ती रागावली नव्हती, नुसती म्हणाली. ताईने माझ्याकडे पाहिलं. मग कडीवरचा हात काढला, गाडीला वळसा घालून पुढे आली आणि बॅग मांडीवर घेऊन बसली. पट्टा लावायला तिला वेळ लागला.

मी तिच्या बाजूचं दार लावून दिलं आणि खिडकीशी वाकलो. मुलीने गाडी चालू केली. निघण्याआधी तिने हात वर करून आतला आरसा फिरवला. तो मागच्या काचेकडे रोखलेला होता. तिने तो वर केला, आणखी थोडा वर केला, त्यात फक्त छत दिसेल इतका.